वणव्याचं बिल, टँकरचा मान

"हॅलो, शेजारच्या गावाच्या डोंगराला वणवा लागलाय. लवकर बंब पाठवा. आन् मी कोण ते इचारू नका."

असे फोन आमच्या नियंत्रण कक्षात होळीच्या आगेमागे यायला लागत आणि मिरग निघेपर्यंत येत राहत. नाव विचारलं की फोन बंद. गाव विचारलं की शेजारच्या गावाचं नाव. एका गृहस्थांनी तर ओळख पटू नये म्हणून बाईचा आवाज काढून वर्दी दिली आणि मधेच ठसका लागल्यावर पुन्हा पुरुष झाले. वर्दी म्हणजे आमच्या भाषेत आगीची खबर. चोरी करून नाव लपवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आग लागल्याची खबर देऊन नाव लपवणारी माझ्या वाट्याला आली, कारण त्या खबरीचं बिल मी लावायचे.

मी शहराच्या अग्निशमन दलात कारकून म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक होऊन निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत एकदाही शिडी चढले नाही. हेल्मेट घातलं ते स्नेहसंमेलनाच्या फोटोपुरतं, तेही उलटं घातलं होतं असं नंतर कळलं. आमची मंडळी आग विझवून काळीठिक्कर तोंडं घेऊन परत यायची, त्यांना अजून धड श्वासही घेता येत नसायचा, आणि मी खिडकीतून विचारायचे, "किती किलोमीटर झाले?" त्यामुळे दलात माझ्यावर फार कोणाचा जीव होता असं नाही. आम्ही राहायचो त्या उस्मानपुऱ्यात शेजारणींना मात्र सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं की आमची सून आगीत उडी घेते. मी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. घरात एवढा दरारा दुसऱ्या कशानं मिळाला असता?

आता ही बिलाची भानगड काय, ते सांगते. शहराच्या हद्दीत आग लागली तर बंबाचे पैसे कोणी मागत नाही, ते तुमच्या घरपट्टीत आधीच कापून घेतलेले असतात. हद्द ओलांडली की रिक्षासारखं मीटर सुरू. अंतर, वेळ, माणसं, पाणी, सगळ्याची आकारणी होते आणि ज्या गावात आग त्या ग्रामपंचायतीच्या नावानं बिल निघतं. घर पेटलं, गोडाऊन पेटलं तर निदान मालक असतो. वणव्याला मालक नसतो, म्हणून ज्या गावातून वर्दी आली त्याच गावावर बिल लागतं. डोंगराचा माथा वन विभागाचा, अलीकडचा उतार एका ग्रामपंचायतीचं गायरान, पलीकडचा दुसरीचं, आणि पायथ्याची प्लॉटिंग शहरात आलेली. वारा फिरला की आग एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते, तिला बदलीचा आदेश लागत नाही. मग माझ्या टेबलासमोर खुर्च्या कमी पडतात.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. पैठणकडचे एक सरपंच बिल उलगडून बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या शहराला पाणी कुठून येतं?"

"जायकवाडीतून."

"म्हंजी आमच्याकडून. आमचं पाणी तुमी नेलं, बंबात भरलं, परत आणून आमच्याच गवतावर मारलं. आता त्याचे पैशे आमी द्यायचे का तुमी?"

मी चहा मागवला. त्यांनी तो पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्योबी आमच्याच पाण्याचा." बिल त्यांनी भरलं, पण मला वाटतं ते माझ्यावर उपकार म्हणून. दुसऱ्या एकानं तर अर्ज केला होता की गावचा रस्ता मोकळा असताना सायरन विनाकारण वाजवला, सबब सायरनचे पैसे वगळावेत. सायरनचे पैसे आम्ही लावतच नव्हतो. ते कळल्यावर तो हळहळला, फुकट होता तर अजून थोडा वाजवायचा होता म्हणाला.

पण मला सांगायचंय ते भैरोबाच्या डोंगराबद्दल. या डोंगराच्या अलीकडे बोरदरा आणि पलीकडे दगडपिंपरी. बोरदऱ्याचे सरपंच कचरूभाऊ. हे प्लॉटिंगच्या धंद्यात असल्यामुळे खिशात मोजपट्टी घेऊनच हिंडायचे आणि बोलता बोलता माझं टेबलही मोजायचे. दगडपिंपरीच्या सरपंच सुमनताई. बचत गट चालवून तयार झालेल्या. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायच्या आणि मग त्याच वाक्यात त्याला बांधून ठेवायच्या. त्यात हे दोघं नात्यानं दीर-भावजय. त्यामुळे भांडण कितीही पेटलं तरी भाऊजी आणि वहिनी सुटत नसे.

एका उन्हाळ्यात या डोंगराला वणवा लागला आणि आमच्याकडे लागोपाठ दोन वर्द्या आल्या. पहिली वर्दी "मी दगडपिंपरीचा ग्रामसेवक बोलतो" अशी, पण आवाज चक्क कचरूभाऊंचा. दुसरी "बोरदऱ्याहून बोलतेय, आमच्या गावात वणवा लागलाय" अशी, आणि आवाज सुमनताईंचा. दोघांनी एकमेकांच्या गावाच्या नावानं बंब मागवला होता. आमच्या दप्तरी नोंद झाली ती तशीच. मी दोन्ही ग्रामपंचायतींना बिल पाठवलं आणि दुसऱ्या आठवड्यात दोघंही माझ्यासमोर हजर झाले.

"जेवढं जळालं त्या हिशोबानं वाटा," कचरूभाऊ म्हणाले. "तुमच्या बाजूचं गवत जास्त जळालं, वहिनी. तुमी जास्त द्या."

"व्हय का भाऊजी? जळाल्याचं नुकसानबी आमीच सोसायचं आन् बिलबी आमीच भरायचं? बंबानं वाचवलं कोणाचं? तुमचं. ज्याचं वाचलं त्यानं द्यावं."

"आमचं वाचलं ते आमच्या नशिबानं."

"मग नशिबाला पाठवा पैशे भरायला."

मला हसू दाबता दाबेना. कारण आदल्या उन्हाळ्यात वारा उलट्या दिशेचा होता, जास्त गवत बोरदऱ्याचं जळालं होतं, आणि तेव्हा हीच वाक्यं याच खुर्च्यांवर उलट्या तोंडांतून आली होती. तेव्हा नशीब सुमनताईंचं होतं. मी क्षेत्रफळाप्रमाणे वाटून बघू म्हटलं तर कचरूभाऊंनी मोजपट्टी काढली. लोकसंख्येप्रमाणे म्हटलं तर दोन्ही गावं एकदम लहान झाली. अर्धं-अर्धं म्हटलं तर दोघांनी मिळून मला विचारलं, की अर्धं म्हणजे कुठल्या बाजूचं अर्धं. या एका प्रश्नावर त्यांचं एकमत होतं.

या घोळात पावसाळाही सरला आणि शेवटी आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हीच एकदा डोंगर बघून या. बिल तुमचं, भांडणही तुमचं." बंबाचे चालक लतीफभाई मला जीपमधून घेऊन निघाले. लतीफभाईंनी आयुष्यभर वणव्यांकडे गाडी हाकलेली. वाटेत त्यांनी मला जे समजावलं ते मला इतक्या वर्षांच्या बिलांतून कळलं नव्हतं. "देखो मॅडम, बंब पहाड नै चढता. पाइप कितना भी जोडो, ऊपर पानी का दम निकल जाता." वणवा विझतो तो हिरव्या फांद्यांनी झोडपून, माणसांच्या हातांनी. त्याच्या आधी गवत कापून, जाळून, डोंगरावर मोकळा पट्टा काढलेला असला तर आग तिथं येऊन अडते. त्याला जाळरेषा म्हणतात. बंब उभा राहतो तो खाली, घरांच्या आणि कडब्याच्या गंजींच्या आड येण्यासाठी, आणि त्याचं पाणी संपलं की पुन्हा भरायला टँकर जवळ लागतो. "और जिस साल बारिश अच्छी, उस साल घास कमर तक," लतीफभाई म्हणाले. "लोगां बारिश देख के खुश होते, मैं डरता." त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि खरंच गवत कमरेला लागत होतं.

खिंडीत आम्ही थांबलो. तिथं दोन्ही गावांच्या मधोमध कुडाच्या घरांची एक लहानशी वस्ती आहे, आणि तिथं मला कडूबाई भेटली. शेरडं पाळून राहणारी, माझ्याच वयाची, पण माझ्यासारख्या दोघींना काखेत मारून डोंगर चढेल अशी. हद्दीचा दगड तिच्या अंगणात होता. ती त्याच्यावर धुणं आपटत होती. मतदान तिचं बोरदऱ्यात, रेशन दगडपिंपरीत. घराच्या मागं कडब्याच्या गंजी रचलेल्या, आणि गंजींच्या मागं सरळ डोंगराचं वाळलेलं गवत.

"बिलाच्या बाई तुमीच का?" तिनं धुणं तसंच ठेवून विचारलं. "मग एक सांगा. वस्ती पेटली तर बंब येईल का नाय? खरं काय ते आत्ताच सांगा. नसंल येत तर म्या वाट बगत बसणार नाय, शेरडं सोडून देईन आन् पोरासोरांना घेऊन पळंन."

"असं का म्हणता? वर्दी दिली की येणारच."

"वर्दी देणार कोण? म्या बोरदऱ्याला सांगते, ते म्हणत्यात दगडपिंपरीला सांग. दगडपिंपरीला सांगते, ते म्हणत्यात तुझं मत कुठं हाय? ज्यानं फोन केला त्याच्या माथी बिल, मग फोन कामून करतील? गवत जळतंय तवर ठीक हाय, बाई. आमी जळालो तर कोणाच्या हद्दीत जळालो, ह्येच बगत बसतील."

ती हे काही रागानं बोलत नव्हती, भाव विचारावा तसं विचारत होती. इतकी वर्षं मी हद्दीबाहेरची बिलं लावत होते, पण हद्दीवरच कोणी राहत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिथून भैरोबाच्या देवळात गेलो, कारण दोन्ही सरपंच तिथं यात्रेच्या बैठकीला येणार होते. मी मनात कडूबाईचा प्रश्न घोळवत ओट्यावर टेकले. बैठकीत कडाक्याचं भांडण चाललं होतं. मला वाटलं, चला, इथंही पैसेच. थोडं ऐकल्यावर मी चाट पडले. ही माणसं न देण्यासाठी भांडत नव्हती, देण्यासाठी भांडत होती! काठीचा मान बोरदऱ्याचा, नैवेद्याचा मान दगडपिंपरीचा, आणि तुपाचा मान कोणाचा यावरून दोन्ही गावं हमरीतुमरीवर आली होती. "गेल्या साली तूप तुमी दिलं, औंदा आमचं!" असं कचरूभाऊ ओरडत होते. हेच ते गृहस्थ, ज्यांनी माझ्यासमोर वणव्याच्या एका बिलावरून नशिबाला साक्षीला बोलावलं होतं. सुमनताई म्हणत होत्या, "तुपाला हात लावून दाखवा, भाऊजी!"

मला काय झालं कोण जाणे. मी पदर खोचला, ओट्यावर उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "आणि वणव्याचा मान कोणाचा?"

एक म्हातारा म्हणाला, "वणव्यालाबी मान असतो व्हय?"

"असतो तर. डोंगर भैरोबाचा ना? मग त्याच्या डोंगराची आग विझवायचा मान कोणाचा तरी असणारच. आतापर्यंत कोणी मागितला नाही, म्हणून शहराकडे पडून आहे."

हे मी ठोकून दिलं होतं. पण पुढचा तासभर जे झालं ते बघून मला गुदगुल्या होत होत्या. जाळरेषा काढायचा मान दगडपिंपरीनं आधी मागितला म्हणून बोरदरा रुसलं. मग फांद्या घेऊन झोडपायला माणसं आणायचा मान बोरदऱ्यानं घेतला. बंबाच्या डिझेलचा मान दोघांनी आलटून पालटून घ्यायचं ठरलं. टँकर मात्र दोघांनाही हवा होता. त्यावरून पुन्हा तूप होऊ लागलं, तेव्हा मी म्हटलं, दोघांनीही आणा, एकानं अलीकडून, एकानं पलीकडून. खिंडीतला रस्ता एका बैलगाडीपुरता आहे हे त्या वेळी कोणालाच आठवलं नाही. आणि वर्दी द्यायचा मान मी खिंडवस्तीला मागून घेतला. जो खबर देईल त्याच्या नावावर बिल नाही. ते दोन्ही गावांनी मिळून आधीच भरून ठेवायचं, आणि माथ्यावरच्या पट्ट्याचं वन विभागानं बघायचं. साहेबांनी वरून त्याची मंजुरी आणली. कशी आणली ते मी विचारलं नाही, त्यांनीही मला मानाबद्दल विचारलं नाही.

मंजुरीचा कागद द्यायला मी पुन्हा खिंडीत गेले ती फाल्गुनातली टळटळीत दुपार होती. दोन्ही सरपंच आपापल्या गावातून यायचे होते. मी कडूबाईच्या अंगणात हद्दीच्या दगडावर बसून ताक पीत होते. कडूबाईनं वर बघितलं आणि म्हणाली, "बाई, धूर."

धूर डोंगराच्या कुशीतून निघत होता आणि वारा आमच्याकडे होता. कडूबाईनं ओचा सोडून फोन काढला, दोन पावलं पुढं होऊन उभी राहिली आणि असा काही आवाज लावला की शहरापर्यंत फोनशिवायही पोचला असता. "मी कडूबाई बोलते! खिंडवस्ती! भैरोबाच्या डोंगराला वणवा लागलाय! वर्दीचा मान आमचा हाय, नाव नीट लिवून घ्या!" नियंत्रण कक्षातल्या पोरानं नंतर मला सांगितलं, की वणव्याच्या वर्दीत कोणी आपण होऊन नाव सांगितलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळे त्यानं ते दोनदा लिहिलं.

मग जे सुरू झालं त्याला आग विझवणं म्हणायचं की लग्नाची वरात, मला अजून ठरवता आलेलं नाही. शहरातल्या क्रांती चौकातली गर्दी फोडून लतीफभाई बंब घेऊन सुसाट आले, तर बोरदऱ्याच्या वेशीवर गाव आडवं. हार, नारळ, हलगी. मानाचा बंब पूजेशिवाय कसा जाऊ द्यायचा? लतीफभाई खिडकीतून अर्धे बाहेर आले. "अरे लोगां, दूल्हा हूं क्या मैं? उधर आग लगी, इधर हार डालरे!" तरी एकानं घातलाच. तो हार आणि नारळ घेऊन बंब निघाला. पुढं बोरदऱ्याचा टँकर, त्याच्यावर कचरूभाऊ, मागं फांद्या घेऊन पळणारं अख्खं गाव. पलीकडून दगडपिंपरीचा टँकर, त्याच्यावर सुमनताई, त्यांच्या मागं बचत गटाच्या सगळ्या बाया. आणि दोन्ही टँकर खिंडीत, वस्तीच्या अलीकडं, नाकाला नाक लावून थांबले.

"वहिनी, मागं घ्या!"

"तुमी घ्या, भाऊजी. मान आमचाबी हाय."

"बोरदरं आजवर कोणाम्होरं मागं सरलं नाय."

"मग दगडपिंपरी सरतीय व्हय?"

मागं लतीफभाई हॉर्नवर हात ठेवून बसले होते. दोन टँकर भरून पाणी, एक बंब भरून पाणी, आणि वाट बंद. वर गवत तडतडत होतं, ठिणग्या उडून वस्तीच्या कुडांवर पडायला लागल्या होत्या. पोरांनी शेरडं सोडली. मी दोघांनाही ओरडून सांगत होते आणि हलगीच्या आवाजात मला कोणी ऐकत नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हे मान-बिन मी काढलं नसतं तर बरं झालं असतं. निदान बंब तरी पोचला असता.

कडूबाई दोन टँकरांच्या मधे जाऊन उभी राहिली. तिनं हलगीवाल्याच्या हातातली टिपरी हिसकावली. मग वर बघून दोघांना सुनावलं, "ऐका! जो आधी मागं सरंल, त्याचा औंदा तुपाचा मान! आन् देवाचा पयला नारळबी त्याचाच!"

तुपाचा मान द्यायचा तिला काय अधिकार होता? काहीच नाही. मला तरी वणव्याचा मान वाटायचा कुठं होता! पण दोन्ही ड्रायव्हरांनी एकाच दमात उलटा गियर टाकला. कचरूभाऊ टपावरून "घे मागं, घे मागं!" ओरडत होते, तिकडं सुमनताईही तेच ओरडत होत्या. दोन्ही टँकर असे काही मागं पळाले की त्यांच्या मागं उभी असलेली दोन्ही गावं दोन्ही बाजूंनी बाभळींत शिरली. बोरदऱ्याच्या टँकरचा मागचा कॉक कशात तरी अडकून उघडला आणि निम्मं गाव न्हाऊन निघालं. लतीफभाईंनी टँकरच्या कडेनं बंब कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. गळ्यात हार घेऊन ते वस्ती आणि डोंगर यांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि पाणी सुटलं.

मग मात्र कोणी मान-बिन बघितला नाही. दगडपिंपरीनं काढलेल्या जाळरेषेवर येऊन आग दबली, आणि जिथं दबली नाही तिथं सगळ्यांनी कडुनिंबाच्या फांद्यांनी झोडपली. मीही झोडपली. आयुष्यभर आगीचे किलोमीटर मोजले, पण आग किती गरम असते ते त्या दिवशी कळलं. भुवया गेल्या, चपलांचे तळ मऊ होऊन पायाला चिकटले, आणि मी दर फटक्याला हसत होते. भीतीनं हसत होते की आनंदानं, कोण जाणे. शेजारी कचरूभाऊ झोडपत होते, त्यांच्या पलीकडं सुमनताई. एकही घर गेलं नाही. एका ठिणगीनं कडूबाईची सगळ्यात मोठी गंजी मात्र पेटली आणि ती वाचवता आली नाही. बाकी वस्ती जिथल्या तिथं उभी राहिली.

आग विझल्यावर लतीफभाई माझ्याजवळ आले. माझं काळं तोंड नीट न्याहाळून त्यांनी अगदी माझ्याच आवाजात विचारलं, "मॅडम, किती किलोमीटर झाले?" आमचा सगळा ताफा खो खो हसला. माझी सगळी नोकरी त्यांनी एका वाक्यात वसूल केली.

पुढचं थोडं आधी सांगून टाकते. तुपाचा मान कोणाला मिळाला यावर अजून निकाल नाही, कारण दोघं एकदमच मागं सरले होते. त्या वणव्याचं पूर्ण बिल आपल्याच नावानं निघावं असा दोन्ही ग्रामपंचायतींनी ठराव केला. एकाच आगीचे दुप्पट पैसे घ्यायची तरतूद आमच्याकडे नव्हती. पुढं लेखापरीक्षणात एका साहेबांनी मला विचारलं, "हे मान म्हणजे नेमकं कोणतं लेखाशीर्ष?" मी त्यांना भैरोबाच्या यात्रेचं आमंत्रण दिलं. त्यांना ते आवडलं नाही. ही पद्धत बाकीच्या डोंगरांनाही लावावी म्हणून मी साहेबांकडे टिपण ठेवलं होतं. ते फिरत राहिलं आणि मी निवृत्त झाले. त्याची चुटपुट मला आहे. अजूनही बाकीच्या गावांतून बाईच्या आवाजात वर्द्या येतात, असं ऐकते.

आणि आता त्या वणव्याची दुसरी सकाळ. जळालेल्या गंजीचा पंचनामा करायला मी आणि साहेब खिंडीत गेलो. मला धास्ती होती, की आता पुन्हा तेच: गंजी कोणाच्या हद्दीत जळाली? पंचनाम्यात गावाचं नाव लिहावं लागतं. पाहते तर अलीकडून कचरूभाऊ ट्रॅक्टर घेऊन आलेले, कडब्यानं शिगोशीग भरलेला. पलीकडून सुमनताई, त्यांचा ट्रॅक्टर त्याहून उंच.

"गंजी आमच्या हद्दीत जळाली," कचरूभाऊंनी मोजपट्टी काढली. "भरून द्यायचा मान बोरदऱ्याचा."

"वा भाऊजी! दगडाच्या पलीकडचं सगळं आमचं," सुमनताई म्हणाल्या. "कडूबाई आमची हाय."

"मत कुठं देती ती?"

"खाती कुठलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. कडूबाई दारात उभी होती. दोन्ही ट्रॅक्टरवरचा कडबा तिच्या घराच्या आढ्यापेक्षा उंच होता. तिचे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ती उगाच शेरडांवर खेकसत होती. दोघांचं भांडण टिपेला पोचलं, कचरूभाऊ पट्टीचं एक टोक धरून दगडाकडं निघाले, तेव्हा तिनं ती पट्टी मधेच पकडली.

"मोजू नका, भाऊ," ती म्हणाली. "उतरवा कुठंबी. हद्द माझी हाय."